वर्डची स्क्रीन : काय कुठे असतं आणि अचानक कुठे जातं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकच्या सिडकोत संध्याकाळची टायपिंग-कॉम्प्युटरची बॅच घेताना तेच ते प्रश्न दर महिन्याला नव्या तोंडून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे सगळ्या प्रकारचे: अंबडच्या कंपनीत स्टोअर सांभाळणारे, सोसायटीच्या नोटिसा काढणाऱ्या काकू, मुक्त विद्यापीठाचा प्रकल्प टाइप करणारी मुलं, निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेले आजोबा. बहुतेकांची तक्रार 'बिघडलं' अशी असते आणि बिघडलेलं क्वचितच काही असतं. स्क्रीनवरच्या कुठल्या तरी भागाला चुकून हात लागलेला असतो. त्या भागाचं नाव माहीत असलं की फोनवरही निम्मं काम होतं. 'सर, ते वरचं गेलं' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

उत्तरं मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २०१३ नंतरच्या आवृत्त्या धरून लिहिली आहेत. लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्सबद्दल शेवटाकडे.

स्क्रीनवर एवढं सगळं आहे. सुरुवात कुठून करायची?

खालून. बहुतेक पुस्तकं आणि क्लास वरून सुरू करतात: आधी टायटल बार (सगळ्यात वरची पट्टी), मग रिबन (तिच्याखालचा बटणांचा रुंद पट्टा), मग एकेक बटण. माझं मत उलटं आहे. वरची बटणं तुम्ही गरज पडेल तेव्हा शोधालच, पण अगदी तळाची जी बारीक पट्टी असते, स्टेटस बार, तिच्याकडे कुणी बघत नाही. कागदाचं सध्या काय चाललंय हे तीच सांगत असते. त्यानंतर रूलर शिका, मग लपलेली चिन्हं. एवढं जमलं की अर्ज, नोटीस, बायोडाटा यांतलं काहीही अडत नाही.

स्टेटस बारवर काय वाचायचं?

डावीकडे 'पेज २ ऑफ ५' असं दिसतं, म्हणजे एकूण पाच पानांपैकी दुसऱ्यावर आहात. त्याच्या शेजारी शब्दसंख्या. काही मजकूर निवडला तर निवडलेले शब्द आणि एकूण शब्द असे दोन्ही आकडे येतात. निबंधाला शब्दमर्यादा असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. आकड्यावर क्लिक केलं की अक्षरं, ओळी, परिच्छेद यांचा हिशेबही उघडतो. एक लक्षात ठेवा, वर्ड शब्द मोजतं ते मोकळ्या जागेवरून. 'घरासमोर' हा एक शब्द, 'घरा समोर' लिहिलंत तर दोन. शब्दयोगी अव्ययं तोडून लिहिणाऱ्यांची शब्दसंख्या उगाच फुगते, आणि ते अशुद्धही आहेच.

उजव्या टोकाला पान बघण्याच्या पद्धतींची तीन बटणं आणि झूमची सरकपट्टी असते.

या पट्टीवर उजवं क्लिक केलं की लांबलचक यादी येते. तिच्यातून 'सेक्शन' (कर्सर फाइलच्या कितव्या विभागात आहे ते) आणि 'ओव्हरटाइप' या दोन्हींवर टिक करून ठेवा. टाइप करताना पुढची अक्षरं खाल्ली जायला लागली, म्हणजे 'नाशिक' या शब्दाआधी काही घालायला गेलात आणि 'नाशिक'च पुसलं जायला लागलं, तर पट्टीवर 'ओव्हरटाइप' दिसेल. त्यावर क्लिक केलं की 'इन्सर्ट' होतं आणि प्रकरण मिटतं.

मी मराठीत टाइप करतेय, तरी कीबोर्डमधून इंग्रजी अक्षरं येतात. खालच्या पट्टीवर तर 'मराठी' लिहिलेलं आहे!

कारण स्क्रीनच्या तळाशी भाषा दोन ठिकाणी दिसते आणि दोघींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. वर्डच्या स्टेटस बारवरची भाषा म्हणजे कर्सर जिथे आहे तिथला मजकूर शुद्धलेखन तपासताना कोणत्या भाषेचा धरायचा, एवढंच. तुम्ही कळ दाबल्यावर कोणतं अक्षर उमटणार हे ठरवते ती विंडोजच्या टास्कबारवर, घड्याळाशेजारी दिसणारी भाषा. ती बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबायचे.

तिथे मराठीच दिसत नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी लागते. नुसतं 'मराठी' म्हणजे इन्स्क्रिप्ट, देवनागरीची स्वतःची मांडणी असलेला कीबोर्ड. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असलेल्यांसाठी २०१९ पासून विंडोज १० मध्ये 'मराठी फोनेटिक'ही आला आहे. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर परीक्षेत जो कीबोर्ड असेल त्यावरच पहिल्या दिवसापासून बोटं बसवा. नंतर बदलायचं म्हणजे सगळं पुन्हा.

सगळ्यात वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे काहीतरी लिहून येतं. ते महत्त्वाचं असतं का?

असतं. ही टायटल बार. 'डॉक्युमेंट१' असं दिसत असेल तर फाइल अजून एकदाही सेव्ह झालेली नाही; लाइट गेली तर काय होईल याचा विचार करा आणि आधी कंट्रोल आणि एस दाबा. 'रीड-ओन्ली' असेल तर बदल करता येतील, पण त्याच नावाने सेव्ह होणार नाहीत, नवं नाव द्यावं लागेल. 'कम्पॅटिबिलिटी मोड' म्हणजे फाइल जुन्या पद्धतीची आहे, बहुधा २००७ च्या आधीच्या वर्डच्या साच्यातली. काम चालतं, फक्त काही नवी बटणं फिकट राहतात.

ईमेलवरून आलेली फाइल उघडल्यावर 'प्रोटेक्टेड व्ह्यू' दिसतं आणि रिबनखाली पिवळी पट्टी येते. तोवर टाइप होत नाही, कारण वर्डने ती फाइल संशयित म्हणून बाजूला ठेवलेली असते. पाठवणारा ओळखीचा असेल तरच 'एनेबल एडिटिंग' दाबा.

टायटल बारच्याच डाव्या बाजूला सेव्ह आणि अनडूची छोटी बटणं असतात. नव्या आवृत्त्यांत 'ऑटोसेव्ह'ची खिटीही दिसते, पण ती फाइल वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत असेल तरच चालते. डेस्कटॉपवरच्या फाइलला ती लागू नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

वरची सगळी बटणं गायब झाली. नुसती होम, इन्सर्ट अशी नावं उरलीत.

हा फोन सर्वांत जास्त वेळा येतो. बटणांच्या त्या रुंद पट्ट्याला रिबन म्हणतात, आणि कुठल्याही टॅबच्या नावावर दोनदा क्लिक झालं की रिबन मिटतो. पुन्हा दोनदा क्लिक करा किंवा कंट्रोल आणि एफ१ दाबा, परत येतो.

टॅबची नावंसुद्धा गेली असतील, नुसता कोरा कागद असेल, तर 'ऑटो-हाइड' लागलं आहे. बाण स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला नेऊन क्लिक करा, रिबन खाली उतरेल. मग उजव्या कोपऱ्यातल्या रिबनच्या पर्यायांतून टॅब आणि बटणं दोन्ही कायम दाखवायला सांगा. आणि पान पुस्तकासारखं दिसत असेल, टाइपच होत नसेल, तर तुम्ही 'रीड मोड'मध्ये आहात. एस्केप दाबा.

ज्यांनी वर्ड २००३ वर काम केलंय त्यांना रिबन अजून खटकतो. त्या वेळी वर मेनू आणि त्याखाली टूलबार असायचे; २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते काढून रिबन आणला आणि फाइल मेनूच्या जागी एक गोल बटण ठेवलं. ते बटण आहे हेच लोकांना कळेना. २०१० मध्ये 'फाइल' टॅब परत आला. म्हणजे गोंधळलेले तुम्ही एकटेच नव्हता.

क्लासमध्ये जे बटण दिसतं ते माझ्या घरच्या लॅपटॉपवर नाही. माझं वर्ड वेगळं आहे का?

बहुतेक वेळा वर्ड तेच असतं, स्क्रीन लहान असते. खिडकीची रुंदी कमी झाली की रिबन बटणं आवळतो: आधी मोठी बटणं लहान होतात, मग त्यांच्याशेजारची नावं जातात, आणि शेवटी अख्खा गट एकाच बटणात दडून बसतो. त्या एका बटणाखालचा छोटा बाण दाबला की आतली सगळी बाहेर येतात. खिडकी मोठी करून बघा, फरक डोळ्यांसमोर दिसेल.

गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक अगदी बारीक तिरका बाणही असतो. तो दाबला की त्या गटाची सविस्तर चौकट उघडते. फॉन्ट, परिच्छेद, पानाची रचना यांचे सगळे पर्याय तिथे असतात. रिबनवर मोजकेच मांडलेले आहेत.

टेबलला रंग द्यायचा टॅब काल होता, आज नाही.

कर्सर टेबलच्या आत न्या, येईल. टेबलाचे दोन टॅब आणि चित्राचा एक, हे ती वस्तू निवडली असेल तेव्हाच दिसतात.

रूलर कशासाठी? मी तर आजवर कधीच वापरला नाही.

मग तुमच्या अर्जातली सही दर वेळी वेगळ्या जागी जात असणार.

रूलर म्हणजे कागदाच्या वर आणि डावीकडे दिसणारी मोजपट्टी. दिसत नसेल तर व्ह्यू टॅबमध्ये 'रूलर'वर टिक करा. तिचा राखाडी भाग म्हणजे समास, पांढरा भाग म्हणजे लिहायची जागा. ए४ कागद ८.२७ इंच रुंद असतो. दोन्ही बाजूंना एकेक इंच समास सोडला की लिहायला सुमारे सव्वासहा इंच उरतात. तुमच्याकडे आकडे सेंटिमीटरमध्ये असतील तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे मापाचं एकक बदलता येतं.

आता सरकारी पत्राचं उदाहरण घेऊ. नाशिक महानगरपालिकेच्या आयुक्तांच्या नावाने, राजीव गांधी भवन, शरणपूर रोड असा पत्ता टाकून पाण्याची तक्रार लिहायची आहे. 'विषय :' नंतरचा मजकूर लांबला की दुसरी ओळ पार डावीकडे, 'विषय' या शब्दाच्या खाली जाऊन बसते. ती 'विषय :' सोडून पुढच्या मजकुराखाली यायला हवी. लोक तिथे एंटर मारून स्पेसबारने ओळ ढकलत नेतात. तसं न करता रूलरच्या डाव्या टोकाला बघा. तिथे एकावर एक दोन त्रिकोण आणि खाली एक चौकोन दिसेल. वरचा त्रिकोण परिच्छेदाची पहिली ओळ कुठून सुरू होणार ते ठरवतो, खालचा त्रिकोण बाकीच्या ओळी, आणि चौकोन ओढला तर दोन्ही मिळून सरकतात. कर्सर विषयाच्या ओळीत ठेवा, खालचा त्रिकोण एक इंचावर ओढा, 'विषय :' लिहून टॅबची कळ दाबा आणि पुढचा विषय लिहीत सुटा. ओळ आपोआप वळेल आणि नेमकी वरच्या मजकुराखाली येईल. 'संदर्भ :' लाही हेच.

पत्राच्या शेवटी एकाच ओळीत डावीकडे 'ठिकाण : नाशिक' आणि उजवीकडे 'अर्जदाराची सही' हवं असतं. रूलरच्या डाव्या कोपऱ्यात, उभा आणि आडवा रूलर मिळतात तिथे, एक चिमुकली चौकट आहे. तिच्यात काटकोनासारखं चिन्ह असतं. तो डावा टॅब (हा टॅब म्हणजे टॅबची कळ दाबल्यावर कर्सर जिथे जाऊन थांबतो ती खूण). चौकटीवर एकदा क्लिक केलं की मधला टॅब येतो, दुसऱ्यांदा उजवा, म्हणजे तोच काटकोन उलट्या दिशेला वळलेला. उजवा आला की रूलरवर सव्वासहा इंचाच्या खुणेजवळ क्लिक करा. तिथे ते चिन्ह उमटेल. आता 'ठिकाण : नाशिक' लिहा, टॅबची कळ एकदाच दाबा, 'अर्जदाराची सही' लिहा. शब्द उजव्या समासाला चिकटून मागे मागे सरकत टाइप होतील. फॉन्ट बदला, आकार वाढवा, सही तिथेच राहते. त्या ओळीनंतर एंटर मारलंत तर ही खूण खालच्या ओळीलाही लागू होते, आधीच्या ओळींना मात्र होत नाही. नको असेल तर चिन्ह धरून रूलरच्या खाली ओढून सोडा, जातं.

स्टॅम्प पेपरवर प्रिंट काढायची तर वरची जागा कशी सोडायची?

स्टॅम्प पेपर छापणारी प्रेस आपल्या नाशिकरोडलाच आहे, पण वर किती जागा सोडायची हे पुष्कळांना पहिला कागद वाया गेल्यावर कळतं. आधी हातातल्या कागदावरचा छापील भाग साध्या पट्टीने मोजा. समजा पाच इंच भरला. एंटर वीसदा दाबून मजकूर खाली ढकलू नका. फॉन्टचा आकार बदलला की तो छापील भागावर चढतो. वरचा समास पाच इंच करायला जावं तर पुढच्या साध्या पानांवरही तेवढीच मोकळी जागा सुटते.

त्यापेक्षा पहिल्या ओळीत कर्सर ठेवा, लेआउट टॅबमध्ये 'स्पेसिंग'खाली 'बिफोर'च्या चौकटीत ३६० टाइप करा. ७२ पॉइंटांचा एक इंच होतो, म्हणून पाच इंचांना ३६०. जागा फक्त पहिल्या पानावर सुटते. वरचा एक इंच समास त्यात मिळवला जातो हे मात्र धरून चाला. म्हणजे नेमके पाच इंच हवे असतील तर २८८ पुरतात. कागदाचा आकारही बघून घ्या, ए४ आणि लीगल यांत उंचीचा बराच फरक असतो. आणि पहिली प्रिंट साध्या कागदावर काढून दोन्ही कागद उजेडात एकावर एक धरून बघा.

बायोडाटा एका पानाचा आहे, तरी खाली 'पेज १ ऑफ २' दिसतं आणि दुसरं पान कोरं येतं.

होम टॅबवर परिच्छेदाच्या गटात ¶ असं चिन्ह आहे. ते दाबा. आता जे आजवर दिसत नव्हतं ते सगळं दिसेल: प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका, टॅबच्या जागी बाण, एंटर मारला तिथे हेच चिन्ह. ही चिन्हं प्रिंटमध्ये येत नाहीत, तेव्हा घाबरू नका.

दुसऱ्या पानावर नुसती ¶ ची रांग दिसली तर ते रिकामे एंटर आहेत, पुसून टाका. पण बायोडाटा टेबलात बसवलेला असेल तर टेबलानंतरचं शेवटचं एक ¶ पुसता येत नाही. टेबलाखाली एक परिच्छेद हा वर्डला लागतोच. मग त्याला लहान करा. ते चिन्ह निवडा, फॉन्टच्या आकाराच्या चौकटीत १ टाइप करा, आधीची आणि नंतरची मोकळी जागा शून्यावर आणा. ते पहिल्या पानात मावतं आणि कोरं पान जातं.

दुसऱ्याने केलेली फाइल हातात आली की मी पहिल्यांदा हे चिन्ह दाबतो. मजकूर किती निगुतीने बांधलाय आणि किती स्पेसबारने रेटलाय, ते लगेच उघडं पडतं.

मधेच सगळं लिखाण फिकट पडलं आणि कर्सर पानाच्या वर जाऊन बसला.

तुम्ही पानाच्या वरच्या किंवा खालच्या समासात दोनदा क्लिक केलंत. तिथे हेडर आणि फुटर असतात, म्हणजे दर पानावर आपोआप येणारा मजकूर: सोसायटीचं नाव, पानाचा आकडा वगैरे. तो उघडला की मुख्य मजकूर फिकट होतो. एस्केप दाबा किंवा मजकुरावर दोनदा क्लिक करा. मधल्या वेळात तिथे काही टाइप झालं असेल तर ते सगळ्या पानांवर आलेलं असणार, तेवढं पुसून घ्या.

पानांच्या कडाच दिसत नाहीत. ओळी स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरल्यात.

'वेब लेआउट'वर गेला आहात. खाली उजवीकडच्या तीन बटणांपैकी मधलं, 'प्रिंट लेआउट', दाबा.

कडा आहेत, पण दोन पानांमधली मोकळी जागा आणि हेडर-फुटर दिसत नाहीत? मग दोन पानांच्या मधल्या रेघेवर दोनदा क्लिक झालं आहे. तिथेच पुन्हा दोनदा क्लिक करा.

अक्षरं मोठी केली तरी प्रिंट बारीकच येते.

झूम वाढवला आहे, फॉन्ट नाही. झूम म्हणजे भिंग. कागद आहे तेवढाच राहतो. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की झूम नकळत बदलतो. तो वर्डमध्ये १० पासून ५०० टक्क्यांपर्यंत जातो. काका लोकांना माझा सल्ला असतो, बिनधास्त १५० टक्क्यांवर काम करा, पण प्रिंट देण्याआधी एकदा १०० वर आणून बघा.

खालचं पान वाचत होतो, टाइप करायला गेलो तर एकदम वरच उडी मारली.

उजवीकडच्या स्क्रोल बारने फक्त आपली नजर हलते, कर्सर होता तिथेच राहतो. टाइप करायच्या जागी आधी क्लिक करा. फाइल उघडल्यावर मागच्या वेळी काम कुठे थांबलं होतं ते हवं असेल तर शिफ्ट आणि एफ५ दाबून बघा. फाइलच्या अगदी सुरुवातीला जायला कंट्रोल आणि होम, शेवटाला कंट्रोल आणि एंड.

माउसचा बाण डाव्या समासात नेला की तो उजवीकडे झुकतो, हे कधी पाहिलंय? त्या जागी एकदा क्लिक केलं की अख्खी ओळ निवडली जाते, दोनदा केलं की परिच्छेद, तीनदा केलं की सगळी फाइल.

शब्दांखाली लाल नागमोडी रेघा येतात, त्या प्रिंटमध्ये येतील का?

नाही. वर्डच्या शब्दकोशात तो शब्द नाही एवढाच त्याचा अर्थ. रोमन लिपीत म्हसरूळ, मखमलाबाद लिहिलंत तर रेघ येणारच. उजवं क्लिक करून 'ॲड टू डिक्शनरी' करा. मराठी तपासण्याची साधनं बसवलेली नसतील तर रिबनखाली एक पिवळी पट्टी तसं सांगते. ती बंद केली तरी काही बिघडत नाही.

रेघांऐवजी अक्षरंच लाल, खोडलेली, समासात उभ्या रेषा असं दिसत असेल तर तो 'ट्रॅक चेंजेस'चा प्रकार आहे: कुणीतरी बदलांची नोंद चालू ठेवली आहे. रिव्ह्यू टॅबमध्ये ते बंद होतं, पण आधीचे बदल स्वीकारल्याशिवाय किंवा नाकारल्याशिवाय रंग जात नाहीत. साहेबांनी तपासून पाठवलेली फाइल असेल तर आधी वाचा, मग स्वीकारा.

झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडली तर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं आली.

फॉन्टच्या चौकटीत काय नाव आहे ते बघा. कृतिदेव किंवा श्रीलिपीतला एखादा जुना फॉन्ट असेल तर कारण तेच. त्या फॉन्टांमध्ये आतून रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फक्त चेहरा देवनागरीचा. दुकानातल्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. गंमत म्हणजे चौकटीत नाव मात्र तेच राहतं, म्हणून दुकानदार म्हणतो फॉन्ट तर आहे!

युनिकोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या मराठी कीबोर्डवरून, टाइप केलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही. फार तर मंगल फॉन्टऐवजी निर्मला फॉन्ट दिसेल आणि ओळी थोड्या इकडेतिकडे होतील. तेही नको असेल तर घरूनच फाइल, सेव्ह ॲज करून पीडीएफ न्या.

याच चौकटीबद्दल आणखी एक. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची सविस्तर चौकट उघडली की रोमन अक्षरांसाठी एक रकाना आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी दुसरा दिसतो. देवनागरी या दुसऱ्या रकान्याचं ऐकते. एकाच ओळीत इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी लहान दिसत असतील तर दोन्ही रकान्यांतले आकार जुळवा.

लिबरऑफिस रायटर किंवा गूगल डॉक्सवर हेच सगळं सापडेल का?

सापडेल, जागा थोड्या बदलतात. रायटर फुकट आहे आणि दिसायला बराचसा जुन्या वर्डसारखा: वर मेनू, खाली दोन टूलबार, उजवीकडे साइडबार. रिबनची सवय असेल तर व्ह्यू मेनूतून 'यूजर इंटरफेस'मध्ये जाऊन टॅबवाली मांडणी निवडता येते. लपलेली चिन्हं कंट्रोल आणि एफ१० ने दिसतात. तिथे इन्सर्ट कळ दाबली की लगेच ओव्हरटाइप लागतं, हे ध्यानात असू द्या.

गूगल डॉक्समध्ये सेव्हचं बटण शोधू नका, नसतं. वर फाइलच्या नावाशेजारी सेव्ह झाल्याचं दिसतं. २०२२ पासून तिथे 'पेजलेस' नावाची पद्धतही आहे. ती चालू असेल तर पानांच्या कडा दिसणार नाहीत.

मोबाइलवरच्या वर्डबद्दल थोडक्यात: वाचायला आणि एखादा शब्द दुरुस्त करायला ठीक. अर्जाची मांडणी त्यावर करू नका.

फोनवर मदत मागायची तर काय काय सांगायचं?

वर्ड कोणत्या सालचं आहे ते फाइल टॅबमध्ये 'अकाउंट'खाली दिसतं. ते, टायटल बारवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, आणि स्टेटस बारवर डावीकडून उजवीकडे जे दिसतं ते वाचून दाखवा. जमलं तर स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, पण अख्ख्या स्क्रीनचा, चारही कडा दिसतील असा. बहुतेक जण मधल्या मजकुराचाच पाठवतात, आणि बघायचं असतं ते नेमकं कडांना.